जंतू कुणाचे, निष्कर्ष कुणाचा: सात सहभागींच्या एका संशोधन गटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सात संस्थांनी मिळून चालवलेल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका संशोधन गटाचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गट स्थापन कसा झाला याबद्दल इथे थोडक्यातच लिहिले आहे, कारण असे गट सुरू करणे फारसे अवघड नसते. करार होतो, पहिली बैठक होते, काही महिने उत्साहात जातात. हा गट मध्येच मोडकळीला कसा आला आणि पुन्हा कशाच्या आधारावर उभा राहिला, ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. माझा या गटाशी संबंध गुणवत्ता-नियंत्रणाच्या कामातून आला.

एका मोठ्या अध्यापन रुग्णालयाची लॅब गटाच्या केंद्रस्थानी होती. तिच्याकडे जीनोम सिक्वेन्सिंगचे, म्हणजे जंतूचा संपूर्ण डीएनए वाचण्याचे यंत्र, उणे ८० अंशांचा फ्रीझर, संशोधक विद्यार्थी आणि शोधनिबंध लिहिण्याचा सराव होता. पुढे तिला मध्यवर्ती लॅब म्हटले आहे. पाच लॅब लहान-मध्यम रुग्णालयांच्या होत्या. त्यांच्याकडे रोजच्या कल्चर-सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्याच्यावर कोणते औषध चालते हे पाहण्याचे ढीगभर काम, एखाद-दुसरा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि मोजके टेक्निशियन. संशोधनासाठी राखीव वेळ कुणाकडेच नव्हता. सातवा सहभागी म्हणजे एका विद्यापीठातला जैवमाहितीशास्त्राचा, म्हणजे डीएनएच्या माहितीचे संगणकावर विश्लेषण करणारा विभाग.

विषय होता रक्तातल्या संसर्गात सापडणारे आणि कार्बापेनेम औषधांना दाद न देणारे क्लेबसिएला न्यूमोनिए हे जिवाणू. मेरोपेनेम आणि इमिपेनेम ही या गटातली औषधे बहुतेक ठिकाणी शेवटच्या फळीत ठेवलेली असतात. ती निकामी झाली की डॉक्टरांसमोर फार थोडे पर्याय उरतात. अँटिबायोटिकना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभर सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये धोकादायक जिवाणूंची यादी सुधारली, तेव्हा कार्बापेनेमला दाद न देणारे क्लेबसिएला न्यूमोनिए तिच्यात अग्रस्थानी आले.

मग मोठ्या लॅबने एकटीनेच अभ्यास का केला नाही? मोठ्या रुग्णालयात येणारा रुग्ण बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी उपचार घेऊन, अनेक अँटिबायोटिकचे कोर्स संपवून आलेला असतो. त्याच्या रक्तातून निघालेला जंतू त्या सगळ्या प्रवासातून टिकून उरलेला असतो. अशा रुग्णांवरूनच चित्र रंगवले, तर ते प्रत्यक्षाहून भयंकर दिसते. शिवाय दाद न देणारा जंतू पहिल्यांदा कुठे दिसला, कुठून कुठे गेला, हे त्यातून कळतच नाही. ती माहिती लहान लॅबच्या प्लेटवर असते. म्हणजे या पाच लॅब गटाला शोभा म्हणून घेतलेल्या नव्हत्या. शास्त्रीय प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडेच होते. हे सगळ्यांना तत्त्वतः मान्य होते, पण गटाची रचना मात्र तसे मानून केलेली नव्हती.

अडचण

सुरुवातीला आयसोलेट, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातून वेगळे काढून वाढवलेले जंतू, लहान लॅबकडून मध्यवर्ती लॅबकडे नियमित येत होते. वर्ष सरता सरता ओघ आटला. एका लॅबचे पार्सल बंद झाले, दुसरीचे कधीतरी येऊ लागले, तिसरीकडून नुसतेच फॉर्म येत. मध्यवर्ती लॅबमध्ये याचे कारण "त्यांच्याकडे मनुष्यबळ नाही" असे सांगितले जाई. ते खरेही होते, पण मनुष्यबळ पहिल्या महिन्यातही तेवढेच होते.

खोलात गेल्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी हाती लागल्या.

पहिली तांत्रिक होती. सहा लॅबचे निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचताच येत नव्हते. जंतू औषधाला दाद देतो की नाही हे ठरवायला काहीजण सीएलएसआय या अमेरिकी संस्थेचे निकष वापरत, काहीजण युकास्ट या युरोपीय समितीचे. मेरोपेनेमचा एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारी किमान मात्रा, मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅम आली, तर सीएलएसआयप्रमाणे तो क्लेबसिएला रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा ठरतो. युकास्टप्रमाणे, मेंदूज्वर वगळता, तोच जंतू "आय" गटात जातो. २०१९ पासून युकास्टच्या भाषेत या "आय"चा अर्थ औषध जास्त प्रमाणात पोचवले तर लागू पडेल असा आहे. जंतू एकच, आकडा एकच, पण दोन लॅबच्या तक्त्यांत तो दोन वेगळ्या रकान्यांत पडत होता. आणि गटाच्या फॉर्ममध्ये आकडा लिहायला जागाच नव्हती. फक्त एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे दाद देणारा), आय (मधला गट) किंवा आर (रेझिस्टंट) अशी खूण करायची होती.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकची स्थिती तर आणखी वाईट. त्याचा रेणू मोठा असल्याने तो आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमात, नीट पसरत नाही आणि औषध लावलेल्या कागदी डिस्कभोवतीचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेले वर्तुळ, फसवा येतो. सीएलएसआय आणि युकास्ट यांच्या संयुक्त गटाने २०१६ मध्येच ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाच्या चढत्या मात्रा ठेवून एमआयसी काढणे) ही संदर्भपद्धत म्हणून सांगितली होती. तरी आमच्यातल्या दोन लॅब डिस्क लावत होत्या, कारण त्यांच्याकडे तेवढेच होते.

दुसरी गोष्ट एका तक्त्याची. मध्यवर्ती लॅबने आलेले आयसोलेट पुन्हा तपासून "विसंगत निकाल" असा तक्ता तयार केला आणि लॅबच्या नावांसह सगळ्यांना पाठवला. त्यात एका लहान लॅबच्या चार-पाच नोंदींसमोर "चुकीचा अहवाल" असा शेरा होता. तिने मेरोपेनेम रेझिस्टंट म्हणून कळवलेले जंतू मध्यवर्ती लॅबमध्ये सेन्सिटिव्ह निघाले होते. त्या लॅबच्या वरिष्ठ टेक्निशियन बाई बैठकीत उठून म्हणाल्या, "सर, ती प्लेट मी स्वतः वाचली आहे. डिस्कला अगदी चिकटून वाढ होती. तुम्ही म्हणता तसं असेल, तर मला ते तुमच्या प्लेटवर दाखवा." त्यांना उत्तर मिळाले नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

तिसरी गोष्ट एका परिषदेतल्या पोस्टरची. मध्यवर्ती लॅबच्या एका संशोधक विद्यार्थ्याने गटाच्या आयसोलेटवर केलेले सिक्वेन्सिंग तिथे मांडले. लेखकांमध्ये फक्त मध्यवर्ती लॅबचे आणि विद्यापीठाचे लोक होते. बाकीच्या पाच लॅबचे तळाशी एका ओळीत आभार मानलेले होते. कुणाचा हेतू वाईट होता असे मला आजही वाटत नाही. अंतिम मुदत जवळ आली होती आणि कराराच्या मसुद्यात लेखकत्वाबद्दल एक शब्दही नव्हता. पण ज्या लॅबमधली माणसे रात्रीच्या पाळीत रक्ताच्या बाटल्या तपासत होती, त्यांना हे पोस्टर तिथे गेलेल्या कुणाकडून तरी कळले.

ही तक्रार या गटापुरती नाही. एच५एन१ बर्ड फ्लूच्या काळात, २००७ च्या सुमारास, इंडोनेशियाने विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्याला देणे थांबवले होते. त्यांच्या नमुन्यांवरून दुसरीकडे लस तयार होणार आणि ती त्यांनाच परवडणार नाही, असा आक्षेप होता. त्यातून वाटाघाटी होत होत २०११ मध्ये इन्फ्लुएन्झा नमुन्यांच्या देवाणघेवाणीची आणि लाभांच्या वाटणीची जागतिक चौकट मान्य झाली. देशांच्या पातळीवर जे घडले तेच सात संस्थांच्या गटात लहान प्रमाणात घडत होते. नमुना जातो आणि त्याबरोबर त्याच्यावरचा हक्कही जातो.

समोर असलेले पर्याय

दोन दिवसांच्या बैठकीत चार मार्ग चर्चेला आले.

सगळ्या तपासण्या मध्यवर्ती लॅबनेच कराव्यात, बाकीच्यांनी फक्त आयसोलेट पाठवावेत, हा पहिला. निकाल एकसारखे येतील, पद्धतींचा घोळ मिटेल. मध्यवर्ती लॅबचा कल इकडे होता आणि शास्त्रीयदृष्ट्या त्यात तथ्य होते. पण यात लहान लॅब कायमच्या पुरवठादार होऊन बसणार होत्या, आणि त्यांच्या रुग्णांचे रोजचे अहवाल होते तसेच चुकत राहणार होते. कोलिस्टिनची डिस्क लावणारी लॅब ती लावतच राहिली असती.

दुसरा मार्ग बाहेरच्या देशातल्या एका मोठ्या सिक्वेन्सिंग केंद्राने देऊ केला होता. सगळे आयसोलेट त्यांच्याकडे पाठवायचे, ते मोफत जीनोम वाचून देणार. काही सदस्यांना हे आकर्षक वाटले. अडचण अशी की सजीव नमुने सीमेपार पाठवताना नागोया प्रोटोकॉल हा जैविक संसाधनांच्या वापराचा व लाभवाटपाचा आंतरराष्ट्रीय करार आणि त्यावर आधारलेले देशोदेशीचे कायदे लागू होऊ शकतात, नमुना हस्तांतरणाचा वेगळा करार लागतो आणि परवानग्यांना वेळ लागतो. त्याहून मोठा मुद्दा विद्यापीठाच्या प्रतिनिधीने मांडला: आज आपल्या गटात ज्या गोष्टीवरून कुरबूर चालू आहे, तीच गोष्ट आपण सगळे मिळून एका पायरीने वर नेतो आहोत.

तिसरा म्हणजे आयसोलेट पाठवणे बंद करून फक्त आकड्यांची देवाणघेवाण. स्वस्त आणि निरुपद्रवी. पण निकालच तुलनेचे नसताना ते एकत्र करून काय हाती लागणार होते?

चौथा मार्ग सर्वांत संथ होता. आधी प्रत्येक लॅबची पद्धत समपातळीवर आणायची, मग माहिती जोडायची. अन्नातून पसरणाऱ्या जंतूंसाठी अमेरिकेत १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या पल्सनेटचा दाखला यावेळी दिला गेला. तिथे डीएनएचे पट्टे पाहण्याची एकच प्रमाणित पद्धत सगळ्या लॅबना शिकवली गेली, आणि म्हणूनच दूरदूरच्या दोन राज्यांतले नमुने एकमेकांशी पडताळून पाहता आले. या मार्गात पहिले सहा-आठ महिने प्रसिद्ध करण्याजोगे काहीच निघणार नव्हते. मध्यवर्ती लॅबच्या प्रमुखांना अनुदानाचा अहवाल द्यायचा होता, त्यामुळे त्यांचा विरोध समजण्यासारखा होता.

निर्णय चौथ्या मार्गाचा झाला, पण तडजोडीने. सिक्वेन्सिंग मध्यवर्ती लॅबमध्येच राहील. मूळ ओळख, सेन्सिटिव्हिटी आणि त्यावरची जबाबदारी ज्याच्या त्याच्या लॅबची.

काय केले

पहिले पाऊल आंधळ्या चाचणीचे. गटाबाहेरच्या एका संदर्भ लॅबकडून सांकेतिक क्रमांकांचे एकसारखे आयसोलेट सहाही लॅबना पाठवले गेले. खरी उत्तरे फक्त त्या बाहेरच्या लॅबकडे होती. इथे एक निर्णायक क्षण आला. मध्यवर्ती लॅबने या चाचणीत भाग घ्यायचा की परीक्षक म्हणून वर बसायचे? त्यांच्यातल्या काहींचे म्हणणे, "आम्ही मान्यताप्राप्त लॅब आहोत, आम्हाला कशाला?" प्रमुखांनी मात्र भाग घ्यायचे ठरवले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात याच्याइतका महत्त्वाचा दुसरा निर्णय नाही.

निकाल आले तेव्हा प्रत्येक लॅब कुठे ना कुठे चुकलेली होती. डिस्क लावणाऱ्या दोन्ही लॅबचे कोलिस्टिन चुकले, हे अपेक्षितच होते. पण मध्यवर्ती लॅबकडून ओएक्सए-४८ प्रकारचे विकर, म्हणजे कार्बापेनेम निकामी करणारे एन्झाइम, बनवणारा एक जंतू सुटला. या प्रकारात मेरोपेनेमचा एमआयसी बऱ्याचदा फारसा चढत नाही, आणि त्यांची रंग बदलणारी कार्बा एनपी चाचणी याच विकरांच्या बाबतीत कमी पडते. प्रमुखांनी बैठकीत स्वतः उभे राहून ते वाचून दाखवले. त्या दिवसापासून चुकांबद्दल बोलण्याचा सूर बदलला. कोण चुकले याऐवजी कुठल्या पद्धतीत काय सुटते, यावर चर्चा होऊ लागली.

दुसरे पाऊल त्या वादग्रस्त तक्त्याचे. टेक्निशियन बाईंची मागणी मान्य झाली. त्यांच्या लॅबमध्ये मूळ जंतूंची दुसरी प्रत आगरच्या छोट्या नळीत टोचून ठेवलेली होती. ती आणि मध्यवर्ती फ्रीझरमधली प्रत एकाच दिवशी, एकाच माध्यमावर, दोघांसमोर लावण्यात आली. बाईंच्या प्रतीतले बहुतेक जंतू मेरोपेनेमला दाद देत नव्हते. फ्रीझरमधले देत होते. पुढे डीएनए तपासल्यावर कारण उलगडले. कार्बापेनेम निकामी करणाऱ्या विकराचे जनुक बऱ्याचदा जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लास्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर असते. अँटिबायोटिक नसलेल्या माध्यमावर जंतू पुनःपुन्हा वाढवला की काही पेशी हे ओझे टाकून देतात आणि त्यांचीच संख्या वाढत जाते. मध्यवर्ती लॅबमध्ये आलेले आयसोलेट साठवण्याआधी दोन-तीनदा औषध नसलेल्या साध्या प्लेटवर उपकल्चर केले, म्हणजे नव्याने वाढवले जात होते. म्हणजे लहान लॅबचा अहवाल बरोबर होता, मध्यवर्ती लॅबचे वाचनही बरोबर होते, आणि मधल्या हाताळणीत जंतू बदलला होता.

यातून नियम ठरला: दोन लॅबच्या निकालांत फरक आला तर त्याला "चूक" म्हणायचे नाही, "प्रलंबित" म्हणायचे. दोन्ही प्रती समोरासमोर लागल्याशिवाय कुणाच्याही नावासमोर शेरा नाही. रेझिस्टंट आयसोलेटचे उपकल्चर मेरोपेनेमची डिस्क ठेवून करायचे, डिस्कजवळची वाढ उचलायची आणि पहिल्याच पिढीची प्रत ग्लिसरॉलमध्ये गोठवायची. "चुकीचा अहवाल" हे शब्द जुन्या तक्त्यातून काढून सुधारित तक्ता लेखी खुलाशासह सगळ्यांना गेला. तोंडी दिलगिरीवर ते भागवले नाही, हे फार चांगले झाले.

नोंदींच्या बाबतीत बदल साधा होता, पण परिणाम मोठा. एस-आय-आरऐवजी झोनचा व्यास मिलिमीटरमध्ये किंवा एमआयसीचा आकडा लिहायचा. निकष दरवर्षी बदलतात. २०२० मध्ये सीएलएसआयने कोलिस्टिनसाठी "सेन्सिटिव्ह" हा वर्गच काढून टाकला. नुसती खूण ठेवलेली जुनी माहिती अशा वेळी वाया जाते. आकडा असेल तर नव्या निकषाने पुन्हा वाचता येतो. यासाठी व्होनेट हे मोफत सॉफ्टवेअर घेतले. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न केंद्राने १९८९ पासून विकसित केलेले हे साधन लहान लॅबच्या साध्या संगणकावरही चालते. फॉर्ममधले निम्म्याहून अधिक रकाने गाळले. रुग्णाचे वय, विभाग, दाखल झाल्याची तारीख, नमुन्याची तारीख, आधीचे रुग्णालय आणि तपासणीचे आकडे, एवढेच उरले. एका रुग्णाचा पहिलाच आयसोलेट मोजायचा हेही तेव्हाच ठरले, कारण आयसीयूतल्या एकाच रुग्णाचे पाच कल्चर पाच रुग्ण म्हणून मोजले जात होते.

मग आला पैशांचा प्रश्न. अनुदानात एका मोठ्या खरेदीची तरतूद शिल्लक होती. मध्यवर्ती लॅबमधल्या तरुण संशोधकांना दुसरे, जास्त क्षमतेचे सिक्वेन्सर हवे होते. लहान लॅबनी वेगळीच मागणी केली: पट्टीवरच्या चाचण्या. वाढलेल्या वसाहतीवरून सुमारे १५ मिनिटांत केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी आणि ओएक्सए-४८ या पाच मुख्य विकरगटांपैकी कोणता आहे हे त्यातून कळते. उपचारासाठी याचा थेट उपयोग आहे. सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम हे औषध केपीसी आणि ओएक्सए-४८ वर सहसा चालते, एनडीएमवर एकटे चालत नाही. तिथे ॲझट्रिओनामची जोड द्यावी लागते. सिक्वेन्सिंगचा अहवाल काही आठवड्यांनी येतो आणि तोपर्यंत रुग्णाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. चर्चा तापली. शेवटी पट्ट्या, मायक्रोडायल्यूशनच्या प्लेट आणि दोन लॅबसाठी फ्रीझर घेतले गेले. नव्या सिक्वेन्सरने गटाची प्रसिद्धी वाढली असती यात शंका नाही. पण लहान लॅबच्या टेबलावर गटामुळे आलेली पहिली उपयोगी वस्तू ही पट्टी होती, आणि आयसोलेटची पार्सले पुन्हा नियमित सुरू झाली ती त्यानंतर.

त्याच सुमारास परतीचा अहवाल सुरू झाला. आयसोलेट पाठवणाऱ्या प्रत्येक लॅबला दर महिन्याला एक पान: तुमचे जंतू कोणत्या प्रकारचे निघाले, गटातल्या इतरांशी जुळतात का, आणि तुमच्या विभागात काही लक्ष घालण्यासारखे आहे का. पान लहान ठेवण्यावर जैवमाहितीशास्त्राच्या विभागाने कष्ट घेतले. वंशवृक्षाची सुंदर रंगीत चित्रे त्यांनी स्वतःच काढून टाकली.

लेखकत्वाचा नवा मसुदा वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, हिच्या निकषांवर बेतला. त्यांत एक गोष्ट आहे जी अनेक ठिकाणी सोयीस्करपणे विसरली जाते. माहिती मिळवण्यात भरीव वाटा असणे हाही पहिल्या निकषात बसणारा सहभाग आहे, आणि ज्यांचा असा वाटा आहे त्यांना मसुदा वाचण्याची, सुधारण्याची व अंतिम मान्यता देण्याची संधी मिळायला हवी. "त्यांनी लिहिलेच नाही, मग लेखक कसे?" या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे: त्यांना लिहायला बोलावले होते का? गटाने ठरवले की कोणताही सारांश किंवा पोस्टर पाठवण्याआधी तीन आठवडे सर्व लॅबकडे मसुदा जाईल. आयसोलेटची मालकी पाठवणाऱ्या लॅबकडे राहील आणि मूळ प्रश्नाबाहेरच्या वापरासाठी तिची लेखी संमती लागेल. पहिल्या लेखकाचे स्थान विषयानुसार फिरते राहील.

निष्पत्ती

एका लहान लॅबच्या परतीच्या अहवालात नवजात अतिदक्षता विभागातले तीन जंतू एकमेकांशी अगदी मिळतेजुळते निघाले. तेवढ्यावर संसर्ग विभागात पसरतो आहे असा संशय आला असता. पण त्याच वंशाचे जंतू गटातल्या दुसऱ्या रुग्णालयातही होते, आणि "आधीचे रुग्णालय" या रकान्याने दुवा दाखवला: बाळे तिकडून इकडे पाठवली जात होती. दोन्ही रुग्णालयांच्या संसर्ग-नियंत्रण परिचारिकांनी एकत्र बसून बदलीच्या वेळी गुदमार्गाचा स्वॅब घेणे आणि निकाल येईपर्यंत बाळाला वेगळे ठेवणे सुरू केले. त्यानंतर त्या वंशाचे नवे रुग्ण कमी दिसू लागले. श्रेय फक्त स्वॅबचे की त्याच काळात हात धुण्याच्या शिस्तीवर दिलेल्या भराचेही, हे वेगळे काढून सांगता येत नाही, आणि शोधनिबंधातही तसेच लिहिले. त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका लहान लॅबच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. प्लास्मिड गळण्याबद्दलच्या टिपणात त्या टेक्निशियन बाईंचे नाव लेखकांमध्ये आहे.

क्लेबसिएला न्यूमोनिए म्हणून कळवलेले काही जंतू सिक्वेन्सिंगमध्ये क्लेबसिएला व्हेरिकोला आणि क्वासिन्यूमोनिए निघाले. नेहमीच्या जैवरासायनिक चाचण्यांत ही भावंडे वेगळी ओळखू येत नाहीत. त्यामुळे पाठवणाऱ्या लॅबवर कसलाही शेरा आला नाही.

सगळेच साधले असे नाही. पोस्टरच्या प्रकारानंतर बाहेर पडलेली एक लॅब परत आली नाही. तिला नवा करार पाठवला, भेटही घेतली. तिथल्या प्रमुखांनी शांतपणे सांगितले की त्यांच्या लोकांना पुन्हा तेच पाहायचे नाही. एका लॅबमधली कोलिस्टिनची डिस्क अजून पूर्ण सुटलेली नाही, कारण मायक्रोडायल्यूशनच्या प्लेट गटाच्या पैशांतून येतात आणि संपल्या की रुग्णालयाच्या खरेदी विभागाकडे हात पसरावे लागतात. समन्वयाचे काम अनुदानावरच्या एका तात्पुरत्या पदावर टेकलेले आहे.

वेगळे काय करता आले असते

लेखकत्वाची आणि मालकीची कलमे पहिला आयसोलेट निघण्याआधी लिहायला हवी होती. मतभेद नसताना ती तासाभरात ठरतात. मतभेद झाल्यावर त्यांना महिने लागले आणि एक सदस्य गेला. पहिल्या बैठकीत हा विषय काढणे काहींना अविश्वास दाखवल्यासारखे वाटले होते, म्हणून तो टाळला गेला.

आंधळी चाचणी गट मोडकळीला आल्यावर नव्हे, सर्वांत आधी घ्यायला हवी होती. तशी घेतली असती तर तो तक्ता निघालाच नसता.

संसर्ग-नियंत्रण परिचारिका गटात फार उशिरा आल्या. रुग्ण कोणत्या खाटेवरून कोणत्या खाटेवर गेला हे लॅबला माहीत नसते, त्यांना असते. जीनोमवरून नाते कळते, भेट कुठे झाली ते कळत नाही. नवजात विभागाच्या प्रकरणात त्यांना नंतर शोधून बोलवावे लागले.

टेक्निशियनच्या जादा तासांचा मोबदला अर्थसंकल्पात धरलेला नव्हता. लहान लॅबचा सहभाग उत्साहावर चालेल असे गृहीत धरले होते. सिक्वेन्सिंगच्या रसायनांचा खर्च मात्र शेवटच्या नळीपर्यंत मोजलेला होता.

आणि एक शास्त्रीय उणीव, जी मला सर्वांत जास्त खुपते. गटाने सुरुवातीपासून फक्त दाद न देणारे जंतू गोळा केले. त्यामुळे कोणते विकर किती आढळते, कोणता वंश कुठे फिरतो हे सांगता येते, पण रक्तातल्या एकूण क्लेबसिएलांपैकी किती टक्के रेझिस्टंट आहेत, हा लहान रुग्णालयातल्या डॉक्टरला रोज पडणारा प्रश्न अनुत्तरित राहतो. भाजक नाही, तर टक्केवारी काढणार कुठून? वर्षभराच्या स्थानिक अँटिबायोग्रामसाठी, म्हणजे कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो याच्या तक्त्यासाठी, एका जातीचे किमान ३० आयसोलेट असावेत असे सीएलएसआयचे मार्गदर्शन आहे, आणि एकट्या लहान लॅबला तो आकडा बऱ्याचदा गाठता येत नाही. इथे गट म्हणून एकत्र येण्याचा सर्वांत सरळ फायदा होता आणि तो पहिली काही वर्षे कुणी घेतला नाही. आता दोन लॅबनी रक्तातून निघणारा प्रत्येक क्लेबसिएला, सेन्सिटिव्ह असो वा रेझिस्टंट, आकड्यासह नोंदवायला घेतला आहे. बाकीच्या लॅबमध्ये हे कसे बसवायचे, टेक्निशियनच्या तासांचे पैसे कुठून आणायचे, यावर पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे.